दाराजवळची पिशवी

मे महिन्याचा शेवटचा रविवार आमच्या घरात ठरलेला असतो. दारामागच्या खुंटीवरची निळी पिशवी खाली काढायची, चटईवर उलटी करायची आणि आतली एकेक वस्तू हातात घेऊन पाहायची. बॅटरीचे सेल गळलेत का, औषधांची तारीख उलटून गेली का, धाकट्याचा गेल्या वर्षीचा शर्ट त्याला अजून होतो का. शेजारच्या भाभी दारातून हे पाहतात आणि दरवर्षी तेच विचारतात, "काय हो, यंदा उमराहला निघालात वाटतं?" आम्हीही दरवर्षी तेच उत्तर देतो, "भाभी, अल्लाह करो आणि ही पिशवी घेऊन निघायची वेळच न येवो."

या सदरात आम्ही बहुधा मुलांच्या अभ्यासाबद्दल आणि घरातल्या तरबियतीबद्दल लिहितो. या वेळी पिशवीबद्दल लिहीत आहोत, कारण हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस उंबरठ्यावर आलेला असेल. आणि दुसरं कारण असं की, ही पिशवी ज्या चुकीतून आली ती चूक आम्ही आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

आम्ही चिपळूणचे. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी आली होती. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे गर्दी नव्हती, पण घरात ईद होती. कुर्बानीचं गोश्त वाटून झालं होतं, नातेवाइकांचे आणि गरिबांचे काही हिस्से दुसऱ्या दिवशी पोचवायचे म्हणून पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये ठेवले होते. पाऊस दिवसभर थांबला नव्हता. कोकणात पावसाचं कोणाला नवल? रात्री लाइट गेली, आम्ही मेणबत्ती लावली आणि झोपलो.

फजरच्या आधी कोणीतरी गल्लीतून ओरडत गेलं, "पाणी आलं, उठा!" दार उघडलं तर पायरी दिसत नव्हती. वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांच्या मधल्या गावाला पूर नवा नाही. २६ जुलै २००५ चं पाणी आमच्या भिंतीवर खूण करून गेलं होतं. आम्हाला वाटलं, फार तर त्या खुणेपर्यंत येईल. आधी सामान वर करू, मग बघू.

त्यानंतरच्या वीस मिनिटांत आम्ही काय केलं ते ऐका. मागच्या दारी चार चिरे पडले होते. ते उचलून आत आणले आणि आम्ही दोघांनी, घामाघूम होऊन, फ्रिज त्यांच्यावर चढवला. नवा फ्रिज होता, हप्ते चालू होते. मोठीने आपली दप्तरं माळ्यावर टाकली. धाकटा ईदचा नवा कुर्ता छातीशी धरून उभा राहिला. अम्मींनी कुराण शरीफ सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं आणि तस्बीह मनगटाला गुंडाळली. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली, "अहो, सामान राहू द्या, अम्मींना आधी वर आणा!" आम्ही वर गेलो. काही वेळाने खालून एक मोठा आवाज आला. फ्रिज चिऱ्यांवरून तरंगला होता आणि आडवा झाला होता.

तेव्हा आम्हाला आठवलं. अम्मींचं इन्सुलिन त्याच फ्रिजच्या दारात होतं.

ज्या डब्याला उचलायला दोन बोटं पुरली असती तो डबा ज्यात होता, ते कपाट वाचवायला आम्ही चार हातांनी वीस मिनिटं झगडलो. आम्ही दोघंही शिकलेले, दोघंही मुलांना रोज सांगणारे की आधी विचार करा. नंतर कपडे बदलताना खिशात टीव्हीचा रिमोट सापडला. तो केव्हा उचलला हे आजही आठवत नाही.

काकूंच्या घरी आम्ही त्या दिवसाचा सगळा वेळ आणि पुढची रात्र काढली. त्यांच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं होती. त्यांनी वरण-भात केला, आम्हाला नमाजसाठी देवघरापासून दूरचा कोपरा झाडून दिला. प्यायचं पाणी दुपारनंतर वाटीने मोजून प्यावं लागलं, कारण टाकीत मोटर चढवायला वीज नव्हती. चारही बाजूंना पाणी आणि प्यायला पाणी नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं. मोबाइल दुपारीच बंद पडले. अम्मी म्हणत होत्या, "मला काही होत नाही, मुलांकडे बघा." संध्याकाळपर्यंत त्यांचं तोंड कोरडं पडलं, रात्री त्या हाक मारली तरी उशिरा ओ देऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नाव मिळाली. उंचावरच्या भागात पोचल्यावर एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. मशीनवर आकडाच आला नाही, नुसतं 'हाय' असं उमटलं. म्हणजे साखर मशीनला मोजता येईल त्याच्या पलीकडे गेली होती.

अल्हम्दुलिल्लाह, अम्मी चार दिवसांत उठून बसल्या. आज त्याच ही पिशवी भरण्यात सर्वांत कडक आहेत. पण त्या दोन रात्रींतलं त्यांचं उशिरा येणारं 'हं' आमच्या कानातून गेलेलं नाही. अम्मींना सर्वांत जास्त दुःख कशाचं झालं होतं, सांगू? गरिबांच्या हिश्श्याचं गोश्त पोचलं नाही याचं. म्हणाल्या, "ती अमानत होती."

त्या पुरात चिपळूणचे तळमजले बुडाले, काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी महाड सावित्रीच्या पाण्यात होतं आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. आपल्या राज्यात हे काही एकदाच घडलेलं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या माडा-पोफळी आडव्या केल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जमीन हादरली तेव्हा लोक झोपेत होते. यांतल्या काही तारखा पाहा, वेळ रात्रीची किंवा पहाटेची. म्हणजे डोकं चालत नाही अशी वेळ. म्हणून जो विचार करायचा तो उन्हाळ्यात, उजेडात, चहा पिताना करून ठेवायचा. पिशवी म्हणजे तोच विचार, खुंटीला टांगलेला.

आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग पिशवी पाहून म्हणाले होते, "मास्तर लोक शिकले की तवक्कुल कमी होतो. मुसीबतीची तयारी म्हणजे मुसीबतीला दावत." आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही, फक्त हिजरतीची आठवण करून दिली. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मुहम्मद (स.) आणि हजरत अबूबक्र (रजि.) मक्का सोडून निघाले, तेव्हा तवक्कुलची कमी होती का? तरीही उंटणी आधीपासून तयार ठेवल्या होत्या. वाट जाणणारा माणूस आधीच ठरवला होता आणि तो मुसलमानही नव्हता, पण भरवशाचा होता. सौरच्या गुहेत तीन दिवस थांबायचं ठरलं, तिथे शहराची खबर रोज पोचेल अशी सोय होती. लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) मागे राहिले. आणि शिदोरीची थैली बांधायला दोरी मिळेना, तेव्हा हजरत अस्मा (रजि.) यांनी आपला कमरपट्टा फाडून त्याचे दोन भाग केले आणि थैली बांधली. म्हणूनच त्यांना 'जातुन्निताकैन', दोन पट्ट्यांची मालकीण, हा किताब मिळाला. शिदोरी, खबर, वाट आणि अमानत. चारही गोष्टींची तदबीर आधी, तवक्कुल तिच्यासोबत. बुजुर्ग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आमच्याही घरी एक भरून द्या."

आता प्रत्यक्ष पिशवीकडे येऊ. आमची पिशवी शाळेच्या दप्तरासारखी पाठीवर अडकवायची आहे. हातात धरायची नको, कारण एका हातात मूल असेल आणि दुसऱ्याने कठडा धरावा लागेल. तिच्यात चार लहान थैल्या आहेत.

पहिली थैली औषधांची. घरातल्या ज्या माणसाला रोजची गोळी आहे त्याची किमान सात दिवसांची औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. चिठ्ठी यासाठी की अनोळखी गावातल्या डॉक्टरला 'ती पांढरी, अर्धी गोळी' सांगून काही कळत नाही. इन्सुलिन पिशवीत कायमचं ठेवता येत नाही, त्याला थंडावा लागतो. म्हणून आम्ही फ्रिजच्या दारावर आतून नव्हे, बाहेरून एक कागद चिकटवला आहे, 'अम्मींचं इन्सुलिन घेतलं का?' चालू असलेली बाटली उन्हापासून दूर, साध्या तापमानाला काही आठवडे चालते. तुमच्या औषधाचं नेमकं काय ते डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा. सुया आणि साखर तपासायचं यंत्र मात्र पिशवीतच असतं. याशिवाय ओआरएसच्या पाच-सहा पुड्या, तापाची गोळी, जखमेला लावायचं औषध, कापूस, पट्टी. ओआरएस संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं. मीठ जास्त पडू देऊ नये.

दुसरी थैली कागदांची. पुरानंतर आम्ही बी.एड.चं प्रमाणपत्र वर्तमानपत्रात दाबून, कोमट इस्त्री फिरवून वाळवलं आहे. त्यावरची शाई आजही जांभळी पसरलेली आहे. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा आधार आणि बँकेचं पासबुक मागितलं. मदत थेट खात्यावर जमा होते, पण खातं कोणतं हे सांगायला तर कागद हवा! आमचं पासबुक लगदा होऊन कपाटाच्या तळाशी होतं. म्हणून आता आधार, रेशनकार्ड, पासबुक, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार, सातबारा, विम्याचे कागद, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले यांच्या झेरॉक्स प्रती घट्ट बंद होणाऱ्या दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत एक अशा ठेवल्या आहेत. अस्सल कागद तसेच दुसऱ्या जोडीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एका हाताने उचलता येतील असे. जे डिजिलॉकरमध्ये मिळतं ते तिथे घेतलं आहे. बाकीच्यांचे फोटो काढून एक संच दूरच्या गावच्या मामूंना पाठवला आहे. दूरच्या गावचे, हे महत्त्वाचं. त्याच गल्लीतल्या मामूंचं घरही त्याच पाण्यात असतं.

याच थैलीत एक वही आहे. तिच्यात पंधरा फोन नंबर हाताने लिहिलेले आहेत. मोबाइल बंद पडला की आपल्याला सख्ख्या भावाचाही नंबर आठवत नाही, खरं ना? पहिल्या पानावर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. शेवटच्या पानावर अमानती. कोणाची अंगठी आपल्याकडे ठेवलेली आहे, बचत गटाचे किती पैसे आपल्या घरात आहेत, कोणाला किती देणं आहे. ते पान अम्मींनी लिहायला लावलं. वहीसोबत दोन हजार रुपये, सगळे दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांत. वीज नसली की एटीएमही बंद आणि फोनवरून पैसे देणंही बंद. पाचशेची नोट सुटी करून द्यायला पुरात कोणी बसलेलं नसतं.

तिसरी थैली उजेड, पाणी आणि खाण्याची. एक टॉर्च आणि वेगळे सेल. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका, गळतात. भरलेली पॉवर बँक, सेलवर चालणारा छोटा रेडिओ, काडेपेटी प्लास्टिकमध्ये बांधून, चाकू, आठ-दहा मीटर नायलॉनची दोरी आणि शिट्टी. शिट्टीला हसू नका. माणूस ओरडून अर्ध्या तासात थकतो, शिट्टी लहान मूलही तासन्‌तास वाजवू शकतं, आणि पावसाच्या आवाजातून ती ऐकू जाते. पाण्याचा हिशेब असा की एका माणसाला दिवसाला पिण्यासाठी साधारण तीन लिटर लागतं, पण एक लिटर म्हणजे एक किलो वजन. सगळं पाणी पाठीवर नेता येणार नाही. म्हणून प्रत्येकाची एक लिटरची बाटली आणि पाणी शुद्ध करायच्या क्लोरिनच्या गोळ्या. खायला खजूर, भाजलेले चणे, शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की. शिजवावं लागेल, भिजवावं लागेल किंवा तहान वाढवील असं काही नको. खारी बिस्किटं आणि फरसाण आम्ही दुसऱ्या वर्षी काढून टाकलं. घरात तान्हं मूल असेल तर त्याची दूध पावडर, वाटी-चमचा आणि लंगोट यांची वेगळी थैली हवी.

चौथी थैली कपड्यांची. प्रत्येकाचा एक जोड, आतले कपडे, एक पंचा, एक जाड चादर, दोन ओढण्या. ओढणी हा आपल्या घरातला सर्वांत हुशार कपडा आहे. डोकं झाकायला, पडदा करायला, मोडलेला हात गळ्यात बांधायला, मूल पाठीशी बांधायला आणि जानमाज म्हणूनही ती चालते. सॅनिटरी पॅड आठवणीने ठेवा. आपल्या घरांत हे बोलायला लाजतात आणि मग शाळेच्या वर्गखोलीत शंभर माणसांत मुलीचे हाल होतात. साबण, एक मोठा प्लास्टिकचा ताडपत्रीचा तुकडा आणि दोन कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. सगळं सामान त्या काळ्या पिशवीत घालून मगच दप्तरात भरायचं, म्हणजे दप्तर भिजलं तरी आतलं कोरडं राहतं.

आमची पहिली पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर साडेअकरा किलो भरली होती. ती पाठीवर घेऊन दोन जिने चढलो आणि तिसऱ्यावर बसलो. मग एकेक वस्तू काढत काढत ती सहा किलोवर आणली. मुलांच्या पाठीवर त्यांच्या स्वतःच्या छोट्या पिशव्या आहेत, दोन-दोन किलोच्या, आणि आत आपलं नाव, पत्ता, आमचे नंबर लिहिलेलं कार्ड. भरलेली पिशवी उचलून एकदा जिना चढून बघा. जी पिशवी चढता येत नाही ती ओझं आहे.

पिशवी कुठे ठेवावी? माळ्यावर नको, पलंगाखाली नको, कपाटात तर नकोच. बाहेर पडताना हात लागेल अशी, दारापाशी, डोक्याच्या उंचीवर. आणि वर्षातून दोनदा उघडायची. आम्ही आधी म्हटलं होतं, रमजानपूर्वी घर झाडतो तेव्हा उघडू. मग लक्षात आलं, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, पाऊस आपल्या जागेवरच असतो. म्हणून मेचा शेवटचा रविवार आणि दिवाळीच्या सुटीतला पहिला रविवार.

पिशवी असून चालत नाही, निघायचं केव्हा हे ठरलेलं हवं. वाशिष्ठी दाभोळपाशी समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी पुराचं पाणी लवकर ओसरत नाही, वर कोयनेच्या वीजघरांचं पाणीही याच नदीत येतं. त्यामुळे मुसळधार पावसात आम्ही भरतीची वेळ पाहतो. रेड अलर्ट, नदी इशारा पातळीकडे आणि रात्रीची भरती, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर आम्ही उजेड असतानाच उंचावरच्या खालाजानकडे जातो. मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, दाराला कुलूप. वाहत्या पाण्यात गुडघाभर असलं तरी उतरायचं नाही, मोठं माणूसही त्यात पाय सोडतं आणि गटाराची झाकणं उघडी असतात. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडं, झऱ्याला अचानक आलेलं गढूळ पाणी दिसलं की अलर्टची वाट पाहू नये. आणि भूकंप झाला किंवा घराला आग लागली तर पिशवी विसरा, आधी माणसं बाहेर. तिच्यासाठी परत आत जायचं नाही. सरकारी मदत येते, पण पथकं लांबून निघाली तर त्याच पावसात त्यांचेही रस्ते बंद होतात. पहिला दिवस आपला आणि आपल्या शेजाऱ्यांचा असतो.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात आम्ही मुलांना एक काम दिलं. घर सोडायला दहा मिनिटं आहेत, पाच वस्तू लिहा. बहुतेकांनी मोबाइल पहिला लिहिला, चार्जर दुसरा. एकाने मांजर लिहिलं, एकाने अम्मीचे दागिने. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ काही लिहीत नव्हती. जवळ गेलो तर तिने विचारलं, "दादी वस्तूत धरायची का? तिला चालता येत नाही, अब्बा दुबईला असतात. तिला उचलायला दोन माणसं लागतात."

आम्ही फळ्यावरचा प्रश्न पुसला आणि नवा लिहिला, 'कोणाला कोण आणणार?' त्या दिवशी मुलांनी घरी जाऊन एक-एक कागद भरून आणला. घरात कोण उठू शकत नाही, कोणाला ऐकू कमी येतं, त्यांना कोण उचलणार, शेजारचा कोण हात देणार. त्या मुलीच्या कागदावर समोरच्या घरातल्या दोन तरुणांची नावं होती. ती स्वतः जाऊन त्यांना विचारून आली होती आणि त्यांनी हो म्हटलं होतं. आमच्या पिशवीतल्या वहीत आता तसंच एक पान आहे. त्यावर अम्मींच्या नावापुढे आम्हा दोघांची नावं आहेत, आणि वरच्या काकूंच्या नावापुढेही. त्या आता एकट्या असतात. त्या दिवशी पाणी खालून आलं, उद्या संकट वरून येईल.

मागच्या जुलैत एका रात्री तिन्ही गोष्टी जुळल्या. आम्ही संध्याकाळीच निघालो. अम्मी, काकू, मुलं, पिशव्या, इन्सुलिन थर्मासमध्ये. खालाजानच्या घरी रात्रभर जागलो. पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलंच नाही. सकाळी परत आलो तेव्हा गल्लीतली मुलं हसली. धाकटा जरा ओशाळला, म्हणाला, "अब्बा, उगाच गेलो ना आपण?" आम्ही काही बोलायच्या आत अम्मी म्हणाल्या, "बेटा, रात्री माझं इन्सुलिन वेळेवर झालं. यात उगाच काय होतं?"

वाचक भगिनी-बंधूंनो, सगळी पिशवी एका दिवसात भरणं जमणार नाही. या रविवारी फक्त दोन कामं करा. घरातल्या आजारी माणसाचं सात दिवसांचं औषध एका डब्यात काढा आणि कागदांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. दोन्ही दाराजवळ टांगा. बाकीचं पुढच्या रविवारी. आणि टांगून झालं की शेजारच्या दारावर एकदा टकटक करून विचारा, "तुमच्या घरात कोणाला उचलावं लागेल?"

अल्लाह आपल्या सर्वांना, आपल्या शेजाऱ्यांना आणि आपल्या गावांना सलामत ठेवो. आमीन.